हवेचा कयाक, दोघं जण, एक मुक्काम: पवना की रेवदंड्याची खाडी?

अबोली_पुणे

नमस्कार. दोन माणसांचा हवा भरायचा कयाक (वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी) घेतला आहे. लांबी ३१२ सेंमी, रुंदी ९१ सेंमी, पीव्हीसीचा, हवेचे तीन कप्पे (दोन बाजूंचे, एक तळाचा), वजन सोळा किलो, अंगावर छापलेली क्षमता १८० किलो. सोबत ॲल्युमिनियमची दोन वल्ही, हातपंप आणि मागच्या टोकाखाली लावायची प्लास्टिकची फिन आहे. आमची वजनं ७८ आणि ६२ किलो. दोघांनाही पोहता येतं, पण स्विमिंग टँकमधलं.

नोव्हेंबर-डिसेंबरात शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं, एक मुक्काम करायचा आणि रविवारी रात्री घरी यायचं, असा बेत आहे. गाडीचा प्रवास एका बाजूने चार तासांपर्यंत चालेल. डोक्यात दोन जागा आहेत: पवनेचं बॅकवॉटर आणि कुंडलिकेची रेवदंड्याकडची खाडी. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान कयाकमध्ये घालून जलाशयाच्या पलीकडच्या काठावर रात्र काढावी असंही वाटतंय. हे जमेल का? दिवसाला किती अंतर धरावं? खाडीत भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं? आणि अशा कयाकचं नेमकं काय बिघडतं, हे आधी कळलं तर तयारीने जाता येईल.

वल्हेकर

ताई, आधी वजनाचा हिशेब करू, कारण तंबूचा बेत तिथेच अडतो. १८० किलो ही कमाल मर्यादा आहे. कयाक नीट चालावा आणि लाटेचं पाणी आत येऊ नये यासाठी त्याच्या ८० टक्के धरायचे, म्हणजे १४४ किलो. तुम्ही दोघंच १४० होता. दोन जॅकेटं, चार लिटर पाणी, पंप, दुरुस्तीचं पाकीट आणि थोडं खाणं यांचे आठ-नऊ किलो होतात. तंबू चढवायच्या आधीच मर्यादा ओलांडली. त्यावर आणखी पंधरा किलो टाकलेत तर तळ मधोमध वाकतो, मागचं टोक बसतं, नाळ (पुढचं टोक) उचलली जाते आणि वारा तिला धरून फिरवत राहतो. तेव्हा मुक्काम काठावरच्या घरगुती खोलीत करा, सामान गाडीत ठेवा, आणि शनिवार-रविवार मोकळ्या कयाकमधून एकेक छोटी फेरी मारा. जड माणूस मागे, हलका पुढे.

अंतराचं म्हणाल तर असा रुंद, हवेचा, दोघांचा कयाक स्थिर पाण्यात ताशी तीन ते साडेतीन किमी जातो. समोरून ताशी १५ किमीचा वारा आला की वेग निम्म्यावर येतो, आणि २०-२२ च्या पुढे कितीही वल्हवलं तरी काठावरचं झाड जागचं हलत नाही. कयाकचा बराचसा भाग पाण्यावर असतो, म्हणून तो शिडासारखा वारा पकडतो. पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसायला लागला म्हणजे वारा पंधराच्या पुढे गेला आहे असं समजा आणि काठ गाठा. नवख्यांनी एका फेरीत येऊन-जाऊन पाच किमी पुरे.

पवनेत नोव्हेंबरात पाणी वर असतं, त्यामुळे कयाक उतरवायला सोपं. फेब्रुवारीनंतर पाणी खाली जाऊ लागतं आणि काठ ते पाणी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. धरणात बुडालेलं वाघेश्वर मंदिरसुद्धा उन्हाळ्यात वर येतं. त्याच्या आधीच्या महिन्यांत जुने बांध, झाडांची खोडं, तारेचे खुंट पाण्याखाली वीतभर असतात, दिसत नाहीत, आणि पीव्हीसी फाडतात. तुमचा महिना त्या दृष्टीने चांगला आहे.

सकाळी सात ते साडेदहा ही वेळ धरा. डिसेंबरात पहाटे मावळात पाण्यावर धुकं बसतं. समोरचा काठ स्वच्छ दिसेपर्यंत उतरू नका, कारण धुक्यात माणूस गोल फिरतो आणि ते त्याला कळतही नाही. तुंग आणि तिकोना दोन्ही किल्ले दिसत असतील तर दिशा चुकायची भीती नाही. जाताना वाऱ्याच्या समोर जा, येताना तो पाठीशी असू द्या. उलट केलंत तर जाताना मजा येते आणि थकलेल्या हातांनी परतताना वारा तोंडावर येतो. मोकळं पाणी ओलांडून पलीकडे जायच्या फंदात पडू नका. काठापासून पन्नास मीटरच्या आत, फाट्याफाट्यांतून फिरा. पक्षीही तिथेच असतात.

धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उचलणारे मनोरे यांपासून लांब राहायचं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, तेव्हा साबण, भांडी, उष्टं-खरकटं पाण्यात नको. जलाशयात खासगी होडी घालायची तर जलसंपदा विभागाच्या तिथल्या शाखा कार्यालयात आधी विचारा. कॅम्पवाला "चालतं हो" म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. मुळशीचं धरण टाटांचं आहे, तिथे त्यांना विचारावं लागेल. खडकवासल्यात एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूच्या पाण्यात अजिबात शिरू नका.

खाजणकाठ

पवनेबद्दल वल्हेकरांनी लिहिलंय ते पटलं. पण खाडीचं गणित एकदा समजलं तर दोन दिवसांसाठी खाडीसारखी जागा नाही. जाताना भरती ढकलते, येताना ओहोटी. फक्त तारीख निवडून जायचं.

भरतीपासून भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडचा जुना आडाखा म्हणजे तिथीची पाऊणपट. पक्षातली तिथी गुणिले पाऊण केलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्री दोन्हीकडे. उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतं, म्हणून तारीख ठरवायला आडाखा वापरा आणि निघण्याआधी भरतीच्या तक्त्यातून पक्की वेळ काढा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती मुखापेक्षा उशिरा येते, हेही लक्षात ठेवा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक असं ते सरकतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं आणि ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त असते. मुंबई-अलिबागकडे उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) हा फरक चार मीटरच्या आसपास असतो, भांगाला (अष्टमीच्या आसपास) बराच कमी. उधाणाच्या मधल्या तासांत तुमचा कयाक उलटा जाईल, इतकी ओढ अरुंद जागी लागते.

पहिल्यांदा जाणारे बरेचदा पौर्णिमेचा शनिवार निवडतात, कारण भरती दुपारी पूर्ण होते आणि सकाळचा वेळ मोकळा मिळतो. यात घोटाळा असा आहे की अकरा-बाराच्या सुमाराला खारे वारे सुटतात. रेवदंड्याची खाडी पश्चिमेकडे उघडते, त्यामुळे वायव्येचा वारा थेट आत घुसतो. परतताना ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येत असलेला, अशी टक्कर होते. त्यातून आखूड, उभ्या लाटा तयार होतात. उंची फूटभरच असेल, पण दोन लाटांमधलं अंतर कयाकपेक्षा कमी असल्याने प्रत्येक लाट मांडीवर येते. अष्टमीची अडचण वेगळी. दुपारी पूर्ण ओहोटी, दोन्ही काठांना मांडीभर चिखल, आणि उतरायला जागा नाही.

म्हणून द्वादशी किंवा त्रयोदशीचा शनिवार शोधा. समजा त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा. सव्वासात वाजता पाण्यात उतरलात तर निम्म्याहून जास्त भरती आलेली असेल आणि काठचा चिखल झाकलेला असेल. दीड तास भरतीबरोबर आत जायचं. मग पाऊण-एक तास कांदळवनाच्या कडेने रेंगाळायचं: खंड्या, बगळे, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) बघायचे. पाणी थांबलं की पावणेदहा-दहाला परत फिरायचं आणि सव्वाअकराच्या आत काठाला लागायचं. रविवारी चतुर्दशी, भरती साडेदहाला. तोच बेत अर्ध्या तासाने पुढे करा आणि आत जाणं थोडं कमी करा, कारण वारा तुमच्यासाठी अर्धा तास थांबणार नाही. उरलेली दुपार रेवदंड्याच्या किल्ल्यात घालवा, नाहीतर कोर्लईच्या.

रेवदंडा-साळाव पुलाच्या आतल्या बाजूलाच राहा. पुलाच्या खांबांजवळ पाणी जोर धरतं. कयाक आडवा होऊन खांबाला चिकटला तर पाण्याचा दाब त्याला घडी घालून तिथेच धरून ठेवतो. खांबाखालून जायची वेळ आलीच तर दोन खांबांच्या बरोबर मधून, सरळ, वल्हं न थांबवता निघून जा. साळावच्या औद्योगिक जेटीकडे बार्जची (सपाट तळाच्या मालवाहू बोटींची) ये-जा असते. त्यांना वळता येत नाही आणि थांबताही येत नाही, म्हणून बोयांमधल्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांमधल्या) खोल मार्गाच्या बाहेर राहायचं आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात, न रेंगाळता. खाडीच्या मुखाकडे जायचंच नाही. तिथे वाळूच्या उथळ पट्ट्यावर ओहोटीत लाटा फुटतात.

पाण्यात रोवलेले खुंट दिसले की त्यांच्यामध्ये जाळं आहे असं धरूनच चला. ते पाण्याखाली असतं, ओढीच्या दिशेने फुगलेलं असतं, आणि त्यात फिन अडकते. खुंटांच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी ज्या बाजूने येतंय तिथून, जवळून जाऊ नका. जाळं हे कोणाचं तरी त्या दिवसाचं पोट आहे, कापायचा विचारही नको. उतरायची जागा कोळीवाड्यात विचारून ठरवा. खडकांवर आणि जुन्या धक्क्याच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार सुरीसारखी असते. पीव्हीसी तर फाटतंच, अनवाणी पायही फाटतो. घोट्यापर्यंत घट्ट बसणारे, जाड तळाचे बूट हवेत. सँडल चिखलात राहते.

आणखी एक. पुढे कधी सावित्रीत महाडकडे किंवा वाशिष्ठीत चिपळूणकडे जायचा विचार आला तर तिथे मगरी आहेत हे धरून चला. हवेचा, पाण्याला टेकलेला कयाक अशा पाण्यात घालू नये.

हवापाणी

कयाकच्या बिघाडांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेक तक्रारी हवेच्या दाबाच्या असतात, पंक्चरच्या नसतात.

स्वस्त पीव्हीसी ट्यूबमध्ये दाब फार कमी असतो, साधारण १ ते १.५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). तुमच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच पाळा. काही कंपन्या ट्यूबवर पट्टी छापतात आणि ताण आल्यावर ती किती सेंमी व्हायला हवी ते सांगतात. दाब कमी असल्यामुळे तापमानाचा परिणाम जबर होतो. २५ अंशाला १.५ पीएसआय भरून कयाक उन्हात ठेवला आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर हिशेबाने दाब २.८ च्या पुढे जातो, जवळजवळ दुप्पट. ट्यूब थोडी ताणून जागा करते, पण शिवणीवर भार येतोच. जेवायला काठावर थांबलात आणि कयाक उन्हात राहिला की शिवण उसवते ती अशी. पाण्याबाहेर काढताच सावलीत न्या किंवा दोन्ही बाजूंची थोडी हवा सोडा. उलटही घडतं. ऊन तापलेलं असताना ४० अंशांच्या हवेने भरून २४ अंशांच्या पाण्यात टाकलात तर १.५ चा ०.७ होतो. कयाक मऊ पडतो, मधोमध वाकतो आणि लोकांना वाटतं पंक्चर झालं. म्हणून भरून झाल्यावर दहा मिनिटं पाण्यात तरंगू द्या आणि मग पुन्हा पंप मारा. पंप सोबत न्यायचा तो यासाठीच.

भरायचा क्रम: ताडपत्री अंथरा, कयाक सपाट पसरा, फिन आधीच बसवा (तळ फुगल्यावर खाचेत जात नाही), तळ निम्मा भरा, मग दोन्ही बाजू आळीपाळीने पूर्ण, आणि शेवटी तळ पूर्ण. एक बाजू आधी पूर्ण भरली तर कयाक केळ्यासारखा वाकडा होतो आणि पाण्यात सतत एका अंगाला वळतो. फिन राहिली तर दर फटक्याला नाळ फिरेल आणि अर्धी ताकद ती सरळ करण्यात जाईल. उथळ पाण्यात ती सगळ्यात आधी मोडते, सुटी एक जवळ ठेवा.

व्हॉल्व्ह कोणता आहे ते बघून घ्या. दोन झाकणांचा असेल तर खालचं झाकण घट्ट फिरवून बसवायचं, हवा वरच्या तोंडातून भरायची, आणि आतली रबरी पाकळी हवा अडवते. तिच्यात वाळूचा एक कण बसला तरी रात्रभरात ट्यूब मऊ. वाळूत हवा भरायची नाही ती याच कारणाने. मध्ये दांडी असलेला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल तर दांडी दाबून फिरवली की खाली अडकते आणि उघडी राहते. भरताना ती वर असायला हवी. नाहीतर पंपाची नळी काढताच सगळी हवा फुस्स.

घरी एक रात्र पूर्ण भरून ठेवा. सकाळी किंचित मऊ वाटला तर ते थंडीने. खूप बसला असेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने व्हॉल्व्हभोवती आणि शिवणींवर लावा, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा. पीव्हीसीवर सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन चालत नाही. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर पापुद्र्यासारखं निघतं. पीव्हीसीचा ॲडेसिव्ह घ्या. ठिगळ गोल कापा (कोपरे असले की तिथून उचकटतं), भोकाच्या चारी बाजूंना पाच सेंमी जास्त. हवा पूर्ण काढा, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने हलके खरवडा, स्पिरिटने पुसा. दोन्हीकडे पातळ थर द्या, सुकू द्या, दुसरा थर द्या, बोटाला चिकट लागेल पण ओढला जाणार नाही इतपत झाला की ठिगळ बसवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत हवा काढा. चोवीस तास हवा भरायची नाही.

एवढा वेळ सहलीत नसतो, म्हणून पाकिटात टेअर-एडची टेप ठेवा. त्यातला 'बी' प्रकार पीव्हीसीसाठी आहे, 'ए' नव्हे. जागा कोरडी आणि मीठ पुसलेली असली तरच ती धरते, तेव्हा पाकिटात स्पिरिटचे दोन पुसणेही हवेत.

अबोली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. तंबू रद्द. एका शनिवारी पवनेत सराव आणि नंतर त्रयोदशी बघून रेवदंडा, असं ठरवतो आहोत. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक म्हणजे खोल पाण्यात कयाक उलटला तर पुन्हा आत कसं चढायचं? काठापर्यंत पोहावं का? दुसरं, घरी नारिंगी रंगाची जुनी जॅकेटं आहेत, ती चालतील का? नांगरासाठी लोखंडी घडीचा आकडा घेणार आहे.

सुकाणू

ताई, काठाकडे पोहत सुटायचं नाही. उलटा कयाकसुद्धा तरंगतो, लांबून दिसतो, आणि धरायला आधार देतो. पोहणारं डोकं शंभर मीटरवरूनही दिसत नाही. खाडीत तर काठ जवळ वाटतो, पण ओढ आडवी नेते आणि काठाला लागलात तरी चिखलात उभं राहता येत नाही.

पहिलं काम एकमेकांना हाक मारून दोघं वर आलोय याची खात्री करणं. दुसरं, वल्हं पकडणं. प्रत्येक वल्ह्याला दीड मीटर दोरी बांधून तिचं दुसरं टोक कयाकच्या कडीला लावलेलं असेल तर हे काम आपोआप होतं. दोरी मनगटाला किंवा कमरेला कधीही बांधू नका.

सुलटा करायला निघण्याआधीच कयाकच्या एका बाजूच्या मधल्या कडीला दोन मीटरची जाड दोरी बांधून ठेवा. उलटल्यावर तळ वर येतो. ती दोरी तळावरून आपल्या बाजूला ओढून घ्या, जवळच्या ट्यूबवर गुडघे टेका, दोरी धरून मागे झुका, अंगाच्या वजनाने पलटेल. वाऱ्याकडे पाठ करून करू नका. पाठीमागून येणारा वारा उचललेली कड परत खाली दाबतो. वारा समोरून, म्हणजे कयाकच्या पलीकडून येत असेल तर तो पलटायला मदत करतो, पण तेव्हाही दोरी हातातून सोडायची नाही.

चढताना एकाने पलीकडच्या बाजूने ट्यूबवर भार देऊन कयाक धरायचा. दुसऱ्याने दोन्ही हात आत टाकून आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणायचे, पोहल्यासारखे मारायचे आणि त्या झटक्यात छाती ट्यूबवर सरकवायची. पाय खाली लोंबकळत असताना हातांच्या जोरावर वर ओढून घ्यायला गेलात तर कयाकच अंगावर येतो, आणि बहुतेक जण इथेच दमतात. पोट आत आलं की पालथंच राहा, मग कुशीवर वळा, मग बसा. हलकी व्यक्ती आधी चढेल. ती मधोमध, खाली बसून समोरच्या बाजूला भार देईल आणि दुसरा चढेल. ज्याला हातांनी वर येणं जड जातं त्याच्यासाठी दोरीचा फास करून पाण्यात गुडघ्याच्या उंचीवर सोडा, पाय ठेवायला पायरी होते. पवनेत पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, हे चार-पाच वेळा करा. प्रत्येकाला एकट्याने जमलं तरच काठापासून पुढे जा.

जुनी नारिंगी जॅकेटं आधी तपासा. फोम दाबल्यावर दबलेलाच राहत असेल, आतून कुरकुर आवाज येत असेल, बकल एकही तुटलेलं असेल तर टाकून द्या. पोहता येणाऱ्याला वल्हवायला ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), खांद्याला मोकळं जॅकेट सोयीचं पडतं. लेबलवर आयएसओ १२४०२-५ असं असतं. मात्र बेशुद्ध माणसाचा चेहरा ते वर वळवत नाही. म्हणून खाडीत पहिल्या काही वेळा १०० न्यूटनचं (१२४०२-४) घ्या, जरा अवजड वाटलं तरी. माप बघायला सगळे पट्टे आवळा, हात वर करा आणि दुसऱ्याने खांद्यांवरून जॅकेट वर ओढायचं. हनुवटीच्या वर गेलं तर मोठं आहे.

लोखंडी आकडा नको. चार टोकदार फाळ आणि पीव्हीसी एकत्र राहू शकत नाहीत. जाळीच्या पिशवीत दोन-तीन किलोचे गुळगुळीत दगड भरा, पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोरी घ्या. नांगर फक्त नाळेला बांधायचा. ओढ असताना मधल्या कडीला बांधलात तर पाणी कयाकला आडवा करून उलटवतं. आणि जोरदार ओढीत नांगर टाकायचाच नाही.

प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिट्टी बांधलेली हवी. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, अंगावर, कयाकच्या पिशवीत नको, कारण कयाक निसटला तर फोनही गेला. ११२ सगळीकडे लागतो, समुद्राच्या बाजूला तटरक्षक दल १५५४ आणि सागरी पोलीस १०९३. ज्या घरी मुक्काम आहे त्यांना सांगून निघा: इथून उतरतोय, अमुक वाजेपर्यंत परत, एक तास उशीर झाला तर फोन करा.

पुढे तुम्ही एप्रिल-मे मध्येही जाल म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. वळवाचे दिवस असले की दुपारनंतर पाण्यावर राहू नका. ढग लांब दिसतो, पण त्याच्या पुढे थंड वाऱ्याचा झोत पळत येतो आणि पाच मिनिटांत शांत जलाशय खवळतो. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती तर इंजिनाची बोट होती.

मांडवीकाठ

गोव्याकडे कधी याल तर थोडक्यात. इथे भरतीचा फरक मुंबईच्या निम्माच, दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे ओढ सौम्य आणि चिखलही कमी उघडा पडतो. भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून तिथला तक्ता इथे वापरू नका. चोडण बेटाच्या कडेने कांदळवन सुंदर आहे, पण डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. फेरीबोटीचा मार्ग मोकळा सोडा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे तुमचा हवेचा कयाक नको.

वल्हेकर

दोन गोष्टी राहिल्या. कयाकला छोटी बॅटरीवरची मोटर लावायचा मोह पुढे होईल. मोटर लागली की ती यांत्रिक होडी ठरते, आणि अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ खाली नोंदणी-तपासणीचा विषय सुरू होतो. खाडीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाकडे चौकशी करा, ती वल्ह्याच्या कयाकसाठीही केलेली बरी. कांदळवनात फांद्या मोडून वाट करणं, आत शिरून चूल पेटवणं नको. बरंचसं कांदळवन राखीव वन आहे.

खाडीतून परतल्यावर कयाक त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. दोन बादल्या पुरतात. तळ आणि बाजू यांच्यामधल्या घळीत वाळू अडकते, तिथे हात घालून काढा, नाहीतर पुढच्या वेळी हवा भरली की तीच वाळू शिवणीला घासते. ॲल्युमिनियमच्या वल्ह्याचे दोन तुकडे वेगळे करून जोड धुवा, कारण मीठ राहिलं तर महिन्याभरात ते एकमेकांत जाम होतात आणि मग कितीही ओढले तरी सुटत नाहीत. कयाक सावलीत पूर्ण वाळवा, व्हॉल्व्ह उघडे ठेवा, सैल गुंडाळी करा आणि माळ्यावर ठेवताना उंदीर पोचणार नाहीत असं झाकणाचं पिंप बघा. घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, नाहीतर दुसऱ्या हिवाळ्यात पीव्हीसी त्या रेषेवरच तडकतं.